सात पावलांवरची खाच

मोजणीदाराचं पत्र आलं तेव्हा मी एका लेन्सच्या पोटातली बुरशी पुसत होतो. बोटं स्पिरिटने ओली होती, म्हणून पाकीट तसंच बाजूला सारलं. हात कोरडे झाल्यावर ते वाचलं, आणि त्यानंतर चौदा महिने त्याला उत्तर दिलं नाही.

वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. लेन्स दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे हल्ली आठवड्याला दोन-तीन लेन्स येतात, त्यातली एखादी नुसतीच धुळीने माखलेली असते. बाकीचा वेळ मी खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसतो. उत्तर लिहायला घेतलं नाही असंही नाही. खणात अकरा कच्चे कागद आहेत. त्यांतले चार नुसत्या प्रकृतीच्या चौकशीवर संपलेले, दोन हवामानावर. एकात मी काचेवरच्या लेपाबद्दल दीड पान लिहिलं आहे, जे त्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. हे सांगतानाही मनात येतं की मी हे चांगल्या माणसासारखं सांगतोय, आणि तसं ते नव्हतं.

मोजणीदार हे त्याचं नाव नव्हे, मी ठेवलेलं. तो फोटोग्राफर. पोट भरायला पासपोर्टच्या फोटोंचं दुकान, आणि स्वतःसाठी रोज एक फोटो, घरापासून दुकानापर्यंतच्या रस्त्यावरचा. रोज म्हणजे खरोखर रोज, ताप असला तरी. त्यासाठी त्याच्याकडे एकच लेन्स होती, पस्तीस मिलिमीटरची, फिक्स. ना जवळ आणता येणारी, ना लांब नेता येणारी. फोकसही हातानेच फिरवायचा. कॅमेरे त्याने चार बदलले, पण पस्तीसची तीच राहिली.

त्याची पद्धत अशी की माणूस दिसला की आधी कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही. आधी ठरवायचं, सात की चार. उभा माणूस, त्याच्यामागचं दार, दाराची चौकट एवढं सगळं हवं असेल तर सात पावलं. कमरेपासून वरचा माणूस आणि त्याच्या हातातलं काम हवं असेल तर चार. मग तो मोजून तेवढ्या अंतरावर जाऊन उभा राहायचा आणि चालता चालताच लेन्सची रिंग फिरवायचा. कॅमेरा वर जाईपर्यंत फोटो जमलेला असायचा. शेवटी एक नजर टाकून रिंग केसभर इकडे-तिकडे करायचा, एवढंच.

मला तो दुर्बीण म्हणायचा. माझ्याजवळ चोवीस-सत्तरची झूम असायची, आणि सुट्टीच्या दिवशी सत्तर-दोनशेची. मी बाकावर बसायचो, मांडीवर पुस्तक, आणि रस्त्यापलीकडच्या माणसाला नुसत्या मनगटाने जवळ ओढून घ्यायचो. त्याला कळायचंही नाही. अनोळखी माणसाला ‘तुमचा एक फोटो काढू का’ असं विचारायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आमचा वाद ठरलेला. मी म्हणायचो, झूममध्ये पाच लेन्स असतात, रोजच्या वापराला माणसाने आणखी काय मागावं. तो म्हणायचा, पाच लेन्स असतात पण पाय एकही नसतो. वर्षानुवर्षं हाच वाद आम्ही त्याच चवीने घालत होतो. मग तो दुकान बंद करून दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेला. फोनवर बोलणं आम्हा दोघांनाही जमत नाही, पहिल्या मिनिटानंतर दोघेही ‘आणखी काय’ म्हणू लागतो. म्हणून पत्रं.

त्या पत्रातलं अक्षर पाहूनच मला शंका यायला हवी होती. जाड पेनाने, मोठं, आणि ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मजकूर थोडा होता.

“दुर्बीण, सोबत लेन्स पाठवतो आहे. दीड महिना झाला, फोटो मऊ येत आहेत. कडा सुटतात. लेन्स बिघडली असेल तर नीट कर. ती ठीक असेल तर तसं लिही, म्हणजे बिघाड कुठे आहे ते मला कळेल. गोड बोलू नकोस. तुझ्या तपासणीवर विश्वास आहे म्हणून तुलाच विचारतो.”

लेन्स मी त्याच दुपारी तपासली. माझ्या खोलीच्या एका भिंतीवर बारीक रेघांचा तक्ता लावलेला आहे, खाली खाली रेघा केसासारख्या होत जातात. पस्तीसची स्टँडवर चढवली, फोटो काढले, मोठे करून पाहिले. कोपऱ्यापर्यंत सगळ्या रेघा सुट्या. माझ्या हातून काही चुकलं असेल म्हणून पुन्हा काढले. मग माझेच डोळे दगा देत असतील म्हणून बायकोला हाक मारली आणि खालच्या रेघा मोजायला लावल्या. तिने पीठ लागलेले हात पाठीमागे धरून त्या मोजल्या आणि विचारलं की कुणा गिऱ्हाइकाची का. मी हो म्हटलं.

लेन्समध्ये काही बिघाड नव्हता. तेव्हा बिघाड कुठे होता हे मला दुपारी चार वाजताच कळलं होतं.

दोन ओळींचं पत्र होतं. लेन्स ठीक आहे, डोळे दाखवून घे. एवढंच. पण ते लिहायला बसलो की वाटे, मी कोण हे सांगणारा. मी काचा पुसणारा माणूस, डॉक्टर नव्हे. आणि ज्याने आयुष्यात बघण्याखेरीज काही केलं नाही त्याला हे कागदावर सांगायचं. उद्या लिहू. नीट शब्द सापडले की लिहू. मग मी एक हुशारी केली. माझी चोवीस-सत्तरची झूम, फोकस आपोआप करणारी, त्याच्या कॅमेऱ्याला बसेल अशी, नीट पुसून डब्यात घातली आणि त्याला पाठवून दिली. चिठ्ठी घातली नाही. पस्तीसची खणात ठेवली. मला वाटलं, फोकस ती करेल, त्याचे फोटो कडक येतील आणि प्रश्न मिटेल. कुणालाच काही बोलावं लागणार नाही.

झूम तीन आठवड्यांत परत आली. तिच्यासोबतही चिठ्ठी नव्हती. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

नंतर वर्षभर काहीच घडलं नाही. मग मागच्या महिन्यात एका दुपारी त्याची मुलगी दारात उभी राहिली.

तिला मी फ्रॉकमध्ये पाहिलेली, आता तिच्या केसांत माझ्याइतकेच पांढरे. कामासाठी इकडे आली होती, सोबत वडिलांचा कॅमेरा होता. पिशवीतून काढून तिने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली की बाबांनी विकायला सांगितलाय. तुमच्याकडे लेन्स आहेच, दोन्ही मिळून कुणाला तरी द्या, घाई नाही. मी विचारलं की तो आता काय वापरतो. ती म्हणाली, काहीच नाही. वर्ष झालं, फोटो बंद.

तिला पाणी द्यायचं सुचायला मला वेळ लागला. पाणी पिऊन झाल्यावर तिने बाकीचं सांगितलं, थकलेल्या माणसाच्या सुरात, मध्ये मध्ये थांबत. डावा डोळा मधोमधच गेला. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेवढंच दिसत नाही. समोर माणूस आला तर त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग. उजव्या डोळ्यात तेच सुरू झालंय, त्यात इंजेक्शनं देतात, तो सध्या जेमतेम थोपलाय. डाव्याचं काही होणार नाही. डॉक्टर म्हणाले की आठ-दहा महिने आधी आला असता तर तोही थोपवता आला असता.

मी विचारलं, आधी का नाही नेलं.

“मी मागेच लागले होते, काका. पण बाबांचं एकच, आधी लेन्सचं कळू दे. दुर्बिणीचं पत्र येईल, मग बघू.”

मी टेबलावरचा ब्रश उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. ती कॅमेऱ्याच्या पट्ट्याची गुंडाळी करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग ती थोडीशी हसली आणि म्हणाली की नंतर त्यांनीच त्याचा अर्थ लावला. नऊ-दहा महिने पत्राची वाट बघून एक दिवस म्हणाले, “लेन्स ठीक असती तर त्याने दोन ओळी लिहिल्या असत्या. बिघडलेली असती तर चार पानं लिहिली असती. काहीच लिहिलं नाही, म्हणजे मीच बिघडलोय.” झूम आली तेव्हा ती लावून दहा-बारा दिवस फिरले होते. पण तिचं त्यांना काही कळेना. फोकस होतो कशावर ते दिसत नाही, ती समोरच्या खांबावरही करते आणि मागच्या भिंतीवरही. आणि रिंगला हात लागला की सगळंच पुढे-मागे होतं. बाबा म्हणाले, हिच्यात मी कुठे उभा आहे हेच मला समजत नाही. मग कॅमेरा कपाटात गेला.

मी म्हटलं, चालतो-फिरतो ना तो. ती म्हणाली, चालतात हो, मोजून. पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत पावलं ठरलेली आहेत, दारापासून वाण्याच्या कोपऱ्यापर्यंत ठरलेली आहेत. कुणी हात धरला तर चिडतात, मोजणी चुकते म्हणून.

ती गेली. मी तिला सोडायला जिन्यापर्यंतसुद्धा गेलो नाही. तिथे निरोप घेताना काहीतरी बोलावं लागलं असतं.

संध्याकाळी पत्र खणातून काढून बायकोसमोर ठेवलं. ते अकरा कागदही ठेवले, झूम पाठवल्याचंही सांगितलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, हवामानाचे दोन कागदसुद्धा. मग चष्मा काढून बराच वेळ पदराने पुसत बसली.

“अहो, त्या रेघा मी मोजल्या होत्या त्या याच लेन्सच्या का?”

मी मान हलवली.

“म्हणजे मलाही त्यात ओढलंत,” ती म्हणाली, आणि उठून गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मलाही त्याहून जास्त नको होतं.

त्या दोन दिवसांत मी पस्तीसची हातात घेऊन बसलो. कामात नाही, उगाच. डोळे मिटून रिंग फिरवत होतो, एका टोकाला लागली की दुसऱ्या टोकाला. फिरवता फिरवता ध्यानात आलं की हा माणूस फोकस डोळ्याने करतच नव्हता. डोळ्याने तो फक्त शेवटची केसभर दुरुस्ती करायचा. बाकी सगळं पायांनी. सात पावलं म्हटलं की रिंग एका ठिकाणी, चार म्हटलं की दुसऱ्या. ती ठिकाणं लेन्सवर बारीक आकड्यांनी छापलेली असतात, त्याला आता ते आकडे दिसत नव्हते एवढंच. आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, आठवर आणून लहान ठेवलं तर त्या केसभर दुरुस्तीचीही गरज नव्हती. पस्तीसच्या लेन्सला आठवर इतकी मोकळीक असते की पाऊल-अर्ध पाऊल चुकलं तरी ती सांभाळून घेते. झूमला पुढे ओढल्यावर ही मोकळीक राहत नाही. चाळीस वर्षं वाद घातला आणि ही गोष्ट मला आत्ता त्याच्या बाजूने सुचत होती.

आकडे दिसत नसतील तर बोटाला लागायला हवेत. रिंगवर कानशीने दोन खाचा करायच्या, सातसाठी एक आणि चारसाठी जोडखाच, आणि लेन्सच्या न फिरणाऱ्या भागावर पितळेचा एक बारीक दाणा बसवायचा. अंगठ्याखाली दाण्यासमोर खाच आली की झालं.

प्रश्न होता तो पावलाचा. माझं पाऊल चिमणीचं, त्याचे पाय लांब. पण त्याचं पाऊल मला माहीत होतं. माझ्या खोलीबाहेर लांब व्हरांडा आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून माझ्या दारापर्यंत तो यायचा तेव्हा दरवेळी मोठ्याने म्हणायचा, अठरा. दार उघडण्याआधी मला तो आकडा ऐकू यायचा. कधी सतरा नाही, कधी एकोणीस नाही. मला तिथे तेवीस लागतात. टेपने व्हरांडा मोजला, साडेतेरा मीटर. अठराने भागलं, पाऊण मीटर. म्हणजे सात पावलं सव्वापाच मीटर, चार पावलं तीन मीटर. तक्ता भिंतीवरून काढून व्हरांड्यात टांगला, त्या अंतरांवर उभा राहून फोकस ताडून घेतला, खुणा केल्या आणि लेन्स उघडून रिंग सुटी केली.

कानस जरा चालवायची आणि खाच बोटाने तपासायची, असं करत गेलो. रिंगला एकदा खाच पडली की पडली. दाणा बसवायला दोन दुपारी गेल्या. पहिला तिरका लागला, तो खरवडून दुसरा लावला. अ‍ॅपर्चरची फिरकी आठवर आणून तिला पट्टी गुंडाळली, हलू नये म्हणून.

मग ती बाहेर नेऊन बघणं आलं. तक्ता काही बोलत नाही, पण माणूस बोलतो, म्हणून मी ते दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी बायकोने जेवणाचं ताट उचलता उचलता विचारलं की त्या लेन्सला आता हळद लावायची आहे का. तेव्हा निघालो.

आमच्या इमारतीखाली कोपऱ्यावर किल्ल्या करणारा बसतो. त्याला मी बावीस वर्षं वरच्या खिडकीतून पाहतो. त्याचे फोटो माझ्याकडे कितीतरी आहेत, सगळे वरून, सगळे त्याच्या नकळत. पाऊण मीटरची दोरी कापून खिशात ठेवली होती, तिने रस्त्यावर चार आणि सात पावलांच्या जागा खडूने आखल्या. तोवर तो काम थांबवून माझ्याकडे बघू लागला होता. मी त्याला विचारलं की एक फोटो काढू का. विचारलं म्हणजे घशातून काहीतरी आवाज आला.

“माझा? कुठे घरफोडी झाली की काय?” तो म्हणाला.

मी म्हटलं, नाही, लेन्स बघायची आहे. मग बघा की, म्हणाला आणि पुन्हा किल्ली घासू लागला. मी खडूच्या रेघेवर उभा राहिलो, डोळे मिटले, अंगठ्याने जोडखाच शोधली आणि बटण दाबलं. मग डोळे मिटूनच मागे गेलो, एका बाईच्या पिशवीला धडकलो, तिची माफी मागितली, सातच्या रेघेवरून आणखी एक काढला. वर येऊन मोठे करून पाहिले. पहिल्यात त्याच्या बोटांवरचा पितळेचा कीस दिसत होता, एकेक कण सुटा. दुसऱ्यात दुकानाची चौकट वरपासून खालपर्यंत, आणि तो मध्ये, हसू दाबत माझ्याकडे बघणारा. बावीस वर्षांत तो माझ्याकडे बघतोय असा माझ्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता. मी ते फोटो बायकोला दाखवले. तिने विचारलं की त्याला एक प्रत देणार ना. तेवढ्याने आमचं बोलणं सुरू झालं.

आता फक्त लेन्स पाठवायची राहिली होती. पत्त्यासाठी बायकोने मुलीला फोन लावला, आणि मी बाजूला उभा राहून खुणेने सांगितलं की विचार, पलंगापासून दारापर्यंत किती पावलं, आणि टेपने किती भरतं. का ते सांगू नकोस. मला आपलं खात्री करून घ्यायची होती. मुलगी फोन ठेवून मोजायला गेली. परत येऊन म्हणाली, बाबांची नऊ पावलं. पाच मीटर चाळीस.

मी कागदावर भागाकार केला. साठ सेंटिमीटर. पुन्हा केला.

माझ्या व्हरांड्यातून अठरा पावलांत येणारा माणूस आता नव्हता. तो माणूस मी मोजला होता, त्याच्यासाठी खाचा पाडल्या होत्या. त्याचं पाऊल आता माझ्याएवढं झालं होतं. तो सात मोजून उभा राहिला तर मीटरभर आधीच थांबणार. आठवर सगळं सांभाळलं जाईल, फोटो मऊ येणार नाही, पण त्याच्या चौकटीत ते दार मावणार नाही. माणसाचे पाय कापले जातील. चाळीस वर्षं ज्या अंतरावर त्याचा विश्वास होता ते त्याला फसवणार. आणि या वेळी तर तो सरळ स्वतःलाच दोष देईल.

मी पुन्हा कानस काढली. ठरवलं की जुन्या खाचा लांबीचं मिश्रण भरून बुजवायच्या, नव्या पाडायच्या, साठच्या हिशेबाने. सात म्हणजे त्याची आताची सात. तो सात मोजेल, बोटाला खाच लागेल, फोटो कडक येईल. चौकट थोडी घट्ट येईल, पण त्याला ती कुठे नीट दिसणार आहे. पाऊल आखूड झालंय हे त्याला कळणारच नाही. लांबीचा डबा उघडून मी मिश्रण कालवत होतो तेव्हा बायको चहा घेऊन आली. काय चाललंय म्हणाली, म्हणून सांगितलं.

तिने कप ठेवला. मिश्रणाकडे बघितलं.

“म्हणजे पुन्हा झूमच पाठवताय,” ती म्हणाली.

मी कप उचलला. चहा पिऊन होईपर्यंत मिश्रण डबीत वाळून दगड झालं. ते खरवडून टाकून दिलं आणि कागद पुढे ओढला.

एक गोष्ट मात्र पेन हातात धरल्यावरच ध्यानात आली. तो हे पत्र वाचू शकणार नव्हता. वाचून दाखवणार ती मुलगी. जे मी त्याच्या एकट्याच्या कानात कुजबुजायलाही चौदा महिने घाबरलो, ते तिच्या तोंडून, तिच्या आवाजात त्याला ऐकावं लागणार होतं. आणि ते वाचता वाचताच तिला कळणार होतं की त्या डोळ्याचे आठ-दहा महिने कुठे गेले. मी जरा वेळ बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. मग परत येऊन बसलो. बारावा कागद होता. जसा लिहिला तसा देतो, कारण सुधारायला गेलो तर तो तेरावा झाला असता.

“मोजणीदार,

हे पत्र तुला मुलगी वाचून दाखवेल. तिलाही हे कळायला हवं, म्हणून तिच्याच हाती देतो आहे.

तुझी लेन्स ठीक होती. ती आली त्याच दुपारी मी तपासली, तीन वेळा. बिघाड तुझ्या डोळ्यांत असणार हे मला त्याच दिवशी समजलं. तू सरळ विचारलं होतंस. मी सरळ लिहिलं असतं तर तू त्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेला असतास. मी लिहिलं नाही. धीर झाला नाही, दुसरं कारण नाही. झूम पाठवली ती तुझं तोंड बंद करायला. तुझा डावा डोळा वाचला असता की नाही हे मला सांगता येत नाही, पण त्याची वेळ माझ्या खणात गेली. यावर तू जे म्हणशील ते मला मान्य आहे. काहीच म्हणाला नाहीस तरी.

पार्सलमध्ये पस्तीसची आहे आणि तुझा कॅमेराही. मी तो कुणाला दाखवला नाही. रिंगवर अंगठा फिरव. एक खाच लागेल ती सात पावलांची, जोडखाच चारची. दाण्यासमोर आणायची. अ‍ॅपर्चर आठवर बांधून टाकलं आहे. मी डोळे मिटून काढून पाहिलं, फोटो सोबत ठेवला आहे, मुलगी सांगेल त्यात काय काय दिसतं ते.

आता दुसरी सरळ गोष्ट. खाचा मी तुझ्या जुन्या पावलाने पाडल्या, माझ्या व्हरांड्यातल्या अठराच्या हिशेबाने. तुझं पाऊल आता आखूड झालं आहे. पाऊण मीटरचं साठ सेंटिमीटर. तुझी सात पावलं आता नऊ झाली आहेत, चार आता पाच. सात मोजून थांबू नकोस, दोन पावलं आणखी टाक. म्हणजे चौकट तीच येईल. मी खाचा बदलणार होतो, तुला न सांगता. बदलल्या नाहीत.

तुझ्या पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत नेमकी नऊ आहेत. पलंगाच्या काठाशी उभा राहिलास आणि दारात कुणी असलं तर पहिली खाच.

रोजच्या वापराला कोणती लेन्स बरी याबद्दल मी तुझ्याशी बरीच वर्षं भांडलो. तुझं बरोबर होतं असं मी अजूनही पूर्ण म्हणणार नाही. पण किल्लीवाल्याने माझ्याकडे बघितलं.

दुर्बीण”

पार्सल बायकोने शिवलं. कोपऱ्यांना कापूस, लेन्सला तिच्या जुन्या शालीचा तुकडा. पत्र मात्र मी आत घातलं नाही. पार्सल उघडल्यावर आधी लेन्स हाती लागेल, पत्र नंतर, आणि मला ते उलट हवं होतं. दोन्ही घेऊन सकाळी पोस्टात गेलो. रांगेत माझ्यापुढे तीन माणसं होती. दोनदा मला वाटलं की घरी जाऊन एक शब्द बदलून यावा. कोणता ते आता आठवत नाही.

खिडकीमागच्या बाईने पार्सल वजनाला टाकलं, आत काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, कॅमेरा. नाजूक असा शिक्का मारू का म्हणाली, मी हो म्हटलं. मग पाकीट तिच्यापुढे सरकवलं. हे पार्सलच्या आधी पोचायला हवं, असं म्हणालो. तिने विचारलं, जलद पाठवू, पत्र महत्त्वाचं आहे का. मी म्हटलं, चौदा महिने उशीर झालाय. तिने चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं, पाकिटावर तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि ते तिच्या मागच्या पेटीत टाकलं.